फिन्सेला उतरायचं आणि चालत फ्योर्ड गाठायचा: दोघांसाठी ट्रेनने नॉर्वे

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे दहा-बारा दिवसांत कोपनहेगन, स्टॉकहोम, ओस्लो, बर्गन आणि वर लोफोटेनची बेटं असं सगळं कव्हर करायचं. नकाशात हे देश आटोपशीर दिसतात, पण नॉर्वे उभा इतका लांब आहे की नुसतं त्रोन्हेम ते बोडो ट्रेनने ७२९ किलोमीटर आहे आणि त्यात दहाएक तास जातात. सगळं बघायच्या नादात ट्रिप संपेपर्यंत तुम्ही दोघं फक्त खिडकीतून बघत बसाल. त्यापेक्षा एक रेल्वे लाइन पकडा, तिच्यावर मध्येच एखाद्या छोट्या स्टेशनवर उतरा आणि तिथून चालायला लागा, चालून पाय दुखले की पुन्हा ट्रेन आहेच.

पहिल्यांदा जात असाल तर ओस्लो-बर्गन लाइन घ्या. १९०९ साली सुरू झाली, पूर्ण प्रवास साडेसहा-सात तासांचा. बहुतेक लोक थेट बर्गनपर्यंत जातात नाहीतर मिरदालला उतरून खाली फ्लॉम गावाला जाणारी गाडी पकडतात. तुम्ही त्याच्या आधी फिन्सेला उतरा. समुद्रसपाटीपासून १२२२ मीटर, या लाइनवरचं सगळ्यात उंच स्टेशन आणि इथे गाडीरस्ताच नाही, यायचं तर ट्रेनने, सायकलने, पायी नाहीतर स्कीवर. ओस्लोहून जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण हार्डांगरयोकुलेन ग्लेशियर त्याच बाजूला आहे. फिन्सेच्या पुढे दहा किलोमीटरपेक्षा लांब बोगदा लागतो, तेव्हा फोटो काय काढायचे ते आधीच काढा.

आता मुख्य प्लॅन. फिन्सेहून उत्तरेला आउरलान्सदालेन दरीतून खाली फ्योर्डपर्यंत, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीपर्यंत, चार दिवसांचा क्लासिक ट्रेक आहे, मुक्काम गाइटरिग, स्टाइनबर्गदालेन आणि ओस्टरबो. पहिला दिवस उंचावरचा, १५०० मीटरच्या वर जाता, जुलैतही बर्फाचे पट्टे तुडवावे लागतात आणि हवा फिरली तर समोरचं काही दिसत नाही. ध्रुवीय मोहिमा करणाऱ्या शॅकलटनने अंटार्क्टिकाला जायच्या आधी १९१४ मध्ये याच फिन्सेला येऊन सराव केला होता, यावरून काय ते समजा. मधले दोन दिवस त्यामानाने सोपे. खरी मजा शेवटच्या दिवशी, ओस्टरबोहून वासबिग्दी, सहा-सात तास लागतात, दरी अरुंद होत जाते, वाट कड्याच्या पोटातून जाते आणि मध्येच सिन्यारहाइम नावाचं जुनं शेतघर लागतं, एवढ्या उंच कड्यावर कोणी संसार कसा केला असेल हा प्रश्न पडतोच. हा दिवस घाईत उरकू नका, सकाळी लवकर निघा. वासबिग्दीहून सीझनमध्ये आउरलान आणि फ्लॉमकडे बस असते, पण मोजक्याच, त्यामुळे वेळ आदल्या रात्री बघून ठेवा.

चार दिवस चालायचं नसेल तर छोटा पर्याय पण मस्त आहे. मिरदालला उतरा आणि फ्लॉमपर्यंत चालत या, साधारण २० किलोमीटर, बहुतेक सगळा उतार. सुरुवातीला नागमोडी वळणं, मग नदीकाठची वाट. रेल्वे बांधणाऱ्या मजुरांसाठी केलेला हा रस्ता, नाव राल्लारवेगन, आता सायकलवाले आणि पायी जाणारे वापरतात. फ्लॉमची प्रसिद्ध ट्रेन याच दरीतून ८६६ मीटर उंचीवरून खाली उतरते, २० किलोमीटरमध्ये २० बोगदे, चढ ५.५ टक्के. सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण अंतराच्या मानाने तिकीट खूप महाग आणि बराच वेळ बोगद्यात जातो. माझं मत विचाराल तर चालत उतरा, ट्रेनचे पैसे बोटीवर घाला.

कारण बोट सोडायची नाही. फ्लॉम ते गुडवांगेन, दोन तास, आधी आउरलान्सफ्योर्ड आणि मग नेरॉयफ्योर्ड. नेरॉयफ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, सगळ्यात अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम २५० मीटर. या मार्गावर बॅटरीवर चालणारी बोट आहे, इंजिनाची घरघर नाही, धबधब्यांचा आवाज नीट ऐकू येतो. गरम कपडे घालून डेकवरच थांबा. फ्लॉममध्ये दुपारी क्रूझची गर्दी असते, तेव्हा सकाळची पहिली बोट बरी. गुडवांगेनहून बसने व्हॉस, व्हॉसहून ट्रेनने बर्गन, झालं. ट्रेन, बोट, बस हे सगळं एकत्र पॅकेज म्हणून पण विकतात, पण प्रत्येक तिकीट वेगळं काढता येतं आणि मग कुठे किती थांबायचं ते तुमच्या हातात राहतं.

तिकिटांचं म्हणाल तर एन्टूर ॲप डाउनलोड करा, नॉर्वेतल्या वेगवेगळ्या रेल्वे कंपन्या, बस, बोटी सगळ्यांच्या वेळा एकाच जागी दिसतात. लांबच्या गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर खूप स्वस्त पडतात, आयत्या वेळी तीच दुप्पट-तिप्पट होऊ शकतात. पास घ्यायचा की सुटी तिकिटं? युरोपात राहत असाल तर इंटररेल, बाहेरून येत असाल तर युरेल, पण एकाच लाइनवर फिरणार असाल तर पासची गरज नाही, स्वीडन-नॉर्वे असा मोठा चक्कर असेल तरच हिशोब मांडून बघा, आणि पासवर सीट रिझर्वेशनचे पैसे वेगळे लागू शकतात हे धरा. अजून एक, उन्हाळ्यात रुळांची कामं काढतात आणि एखाद्या टप्प्यात ट्रेनऐवजी बस देतात, तेव्हा तारखा नक्की करण्याआधी तेवढं तपासा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा, लागत असेल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

कधी जायचं? डोंगरात चालायचं असेल तर साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जूनमध्ये खाली फ्योर्डला सगळं हिरवंगार असतं पण फिन्सेला अजून भरपूर बर्फ.

राहायचं कुठे यात नॉर्वे महाग पण आहे आणि फुकट पण. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही तंबू ठोकता येतो, अट एवढीच की जवळच्या घरापासून किंवा केबिनपासून १५० मीटर लांब आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नाही, उंच डोंगरात आणि वस्तीपासून लांब असाल तर ही दोन रात्रींची अट पण नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायची नाही. हा हक्क शेतात, कोणाच्या अंगणात चालत नाही, आणि डेन्मार्कमध्ये तर असं कुठेही तंबू टाकणं चालतच नाही. डोंगरात डीएनटी या ट्रेकिंग संस्थेच्या केबिन आहेत, संस्था १८६८ पासूनची, वाटांवर त्यांच्याच लाल टी च्या खुणा असतात. मेंबरशिप घेतली तर बेड स्वस्त पडतो, दोन-तीन रात्री राहणार असाल तर पैसे वसूल. काही केबिनमध्ये जेवण मिळतं, काहींमध्ये कोणीच नसतं, कपाटात खायचं सामान असतं, घेतलं ते आपणच लिहायचं आणि पैसे भरायचे. सोबत आपलं चादरीचं लायनर, म्हणजे आत शिरून झोपायची पिशवीसारखी चादर, हवं. दोघांनी एक रात्र केबिन आणि एक रात्र तंबू असं आलटून पालटून केलं की खिसा पण वाचतो आणि ओले कपडे पण वाळतात.

खाण्याचं सामान ओस्लोतच भरा, रेमा १००० किंवा किवी अशा सुपरमार्केटमधून. बहुतेक मोठी दुकानं रविवारी बंद असतात, हे विसरलात तर उपाशी नाही राहणार पण स्टेशनवरचं सँडविच खिसा कापेल. ओट्स, क्नेक्केब्रॉड म्हणजे कडक पातळ ब्रेड, ब्राउन चीज, पीनट बटर, मसूर, नूडल्स, एवढ्यात शाकाहारी माणसाचं पण व्यवस्थित भागतं. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तिथेच स्पोर्ट्सच्या दुकानातून घ्या. पाणी विकत घेऊ नका, नळाचं छान असतं. कॅश जवळपास लागतच नाही, कार्ड सगळीकडे चालतं, फक्त नॉर्वेचा क्रोन आणि स्वीडनचा क्रोना वेगळे आहेत, मिसळू नका.

सामानात सगळ्यात जास्त पैसे रेनकोटवर घाला. बर्गनला वर्षात दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. जीन्स नको, लोकरीचे बेस लेयर म्हणजे अंगालगतचे कपडे हवेत, दोन जोड मोजे कायम कोरडे ठेवा. हवामानासाठी यीआर ॲप, नकाशासाठी यूटी ॲप, नकाशे ऑफलाइन करून ठेवा कारण दरीत नेटवर्क जातं. ॲम्ब्युलन्सला नॉर्वेत ११३, स्वीडनमध्ये ११२.

आता मित्र किंवा मैत्रीण. तंबू एकाकडे, स्टोव्ह-गॅस-जेवण दुसऱ्याकडे अशी वाटणी चांगली, पण पॉवर बँक, थोडं खाणं आणि नकाशा दोघांकडे वेगळा असलाच पाहिजे, चुकामूक झाली तर कामाला येतो. कोण किती वेगाने चालतं यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून हळू चालणारा पुढे, हा नियम आधीच ठरवून टाका. दुसरं म्हणजे परत फिरायचा निर्णय, नॉर्वेच्या डोंगरी नियमांमध्येच लिहिलंय की वेळेत मागे फिरण्यात लाज नाही, तर दोघांपैकी एक जण फिरूया म्हणाला की विषय संपला, वाद हॉटेलवर गेल्यावर. पैशाचं ॲपमध्ये रोज रात्री लिहा. आणि एखादा दिवस वेगळे फिरा, एकाने बर्गनच्या फ्लॉयेन डोंगरावर चढावं, दुसऱ्याने झोप काढावी, संध्याकाळी दोघांचे मूड ठीक होतात.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा उत्तरेला जा. स्टॉकहोमहून उत्तर नॉर्वेतल्या नार्विकला रात्रीची ट्रेन आहे, जवळपास अख्खा दिवस जातो, स्लीपर लवकर बुक करा. वाटेत अबिस्कोला उतरा, कुंग्सलेडेन ही लांब पल्ल्याची पायवाट इथूनच सुरू होते, फक्त नॅशनल पार्कच्या आत तंबू ठरलेल्या जागीच टाकायचा. जुलैत डास अक्षरशः खातात, ऑगस्टच्या शेवटी कमी होतात. तिथून पुढे नॉर्वेच्या हद्दीत कात्तेरात स्टेशन आहे, तिथेही गाडीरस्ता नाही, लोहखनिज नेणाऱ्या रेल्वेच्या मजुरांच्या जुन्या वाटेने खाली रोम्बाक्सबोटन फ्योर्डच्या टोकाला जाता येतं. परतीच्या चढणीचा वेळ धरून दिवस आखा आणि संध्याकाळच्या ट्रेनची वेळ स्क्रीनशॉट काढून ठेवा, गाड्या दिवसातून थोड्याच आहेत.