लॅटिनची सुरुवात शिलालेखांपासून करा

घरी लॅटिन शिकताना सुरुवातीलाच सीझरच्या लांब वाक्यांना हात घालू नका. आधी शिलालेख वाचा. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या दर्शनी भागावरची ओळ घ्या: ‘लुसिउसचा मुलगा मार्कुस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधले.’ (कॉन्सल म्हणजे प्राचीन रोममधला सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी.) मुळात यातली बरीच माहिती संक्षेपांत आहे. ‘एम’ म्हणजे मार्कुस, ‘एफ’ म्हणजे मुलगा. असे मोजके संक्षेप वहीत उतरवून पाठ केले, की थडग्यांवरचे कितीतरी लेख उलगडू लागतात. लॅटिनमध्येही मराठीसारखी नामांना विभक्ती लागते, आणि तिची तर आपल्याला सवय आहेच.

मग इतिहासाकडे वळा. अग्रिप्पाचे तिसरे कॉन्सलपद इ.स.पू. २७ मधले, आजची वास्तू मात्र सुमारे दीडशे वर्षांनी, सम्राट हेड्रियनच्या काळात पूर्ण झालेली. मग दर्शनी भागावर नाव अग्रिप्पाचेच का? याचा माग काढताना पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्यापासून हेड्रियनपर्यंतचा काळ सहज वाचून होतो.