भंडारदऱ्याला कॅराव्हॅन नेताय? निवृत्त मंडळींनो, या चुका टाळा

नाशिकहून घोटी-बारीमार्गे भंडारदऱ्याचं शेंडी गाव जेमतेम 70 किलोमीटर. त्यामुळे निवृत्तीनंतर कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली, किंवा टेम्पो ट्रॅव्हलर बांधून घेतली, की पहिली फेरी भंडारदऱ्याची हे ठरलेलंच असतं. जरूर जा. आम्ही दोघंही दर हिवाळ्यात जातो. पण ओळखीच्या जोडप्यांचे फोन येतात तेव्हा त्याच त्याच चुका ऐकायला मिळतात, आणि त्यातली पहिली मला आता सहन होत नाही.

ती म्हणजे गाडी पाण्याच्या अगदी काठाशी नेऊन लावणं. भंडारदऱ्याचा तलाव म्हणजे 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय. प्रवरा नदीत शेतीच्या पाण्याची आवर्तनं सुटू लागली की पाणी मागे सरकतं आणि गाळाची जमीन उघडी पडते. वरची पपडी उन्हाने वाळून तडकते, पण खाली ओल तशीच राहते. गंगापूर रोडवरचं आमच्या ओळखीचं एक जोडपं फेब्रुवारीत गेलं होतं. दार उघडलं की समोर पाणी दिसलं पाहिजे, असा काकांचा हट्ट. काकू नको म्हणत होत्या. संध्याकाळी सगळं ठीक होतं. सकाळी मागची दोन्ही चाकं निम्मी आत गेलेली. काकांनी ॲक्सिलेटर दाबला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पार बुडाला टेकली. गावातून ट्रॅक्टर आला. दोर हुकाऐवजी बंपरला बांधला गेला, बंपर उखडून हातात आला. त्यापेक्षा मला लागलं ते वेगळंच. येताना चाकांखाली एकाचा गाळपेरीचा, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेला, हरभरा चिरडला होता. तो शेतकरी ओरडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, वरून कोरडं दिसतं, खाली समदा लगदा हाये. इचारायचं तरी." काकांनी त्याचे पैसे दिले, ते योग्यच केलं.

आमचे हे गाडीत कायम एक लोखंडी सळई ठेवतात. उतरायचं, चालत जायचं, चाकं जिथे येणार तिथे सळई दाबायची. वीतभर सहज आत गेली तर ती जागा सोडायची, मग देखावा कितीही छान असो. भरलेली गाडी तीन-साडेतीन टनांच्या घरात जाते, शंभर लिटरची पाण्याची टाकीच शंभर किलोची. मुरमाड उंचवटा शोधा, जमीन कोणाची ते विचारा, तोंड रस्त्याकडे करून लावा. रुतलीच तर पहिल्या झटक्यातच थांबा, चाकापुढची माती हाताने उकरा, दगड-फांद्या घाला. घाई करणाऱ्यांना हे दहा मिनिटांचं काम जड जातं आणि ट्रॅक्टरची वाट बघण्यात मात्र अर्धा दिवस जातो.

दुसऱ्या चुकीबद्दल मी हात जोडून सांगते. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत तलावाकाठीही हुडहुडी भरते. मग कोणीतरी कोळशाची शेगडी आत घेतं, किंवा गॅस बारीक पेटता ठेवून खिडक्या लावून झोपतं. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपल्या वयात माणूस ते पित्तावर ढकलून पुन्हा झोपतो. झोपेतच जीव जातो. ऊब हवी तर दुलई, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवाच. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद. हे काम आमच्याकडे माझं, ते मी कोणावर सोपवत नाही.

बॅटरीचंही तसंच. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे 1200 वॉट-अवर, आणि लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी ती पाव तासात संपवते. घरच्यासारखं सगळं विजेवर चालवायचं असेल तर घरीच राहावं.

गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. गावातल्या तारा आणि आंब्याच्या फांद्या खाली असतात.

शौचालयाची टाकी ओढ्यात किंवा तलावात रिकामी करणं हा गुन्हा समजा. हेच पाणी पुढे अकोले-संगमनेरला जातं. आम्ही ती घरी आणून रिकामी करतो. भांडीही तलावात साबण लावून घासू नका.

पहिली रात्र थेट घाटघरला काढू नका. सोसायटीच्या आवारात एक रात्र गाडीत झोपून बघा, काय राहिलं ते आपोआप कळतं.

जंगलातल्या फेरीबद्दल थोडं. रतनवाडी, साम्रदकडचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. हिरडा-जांभळाची दाट सावली असते, वाटा फुटत जातात, आणि मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर जाणारे तिथेच चुकतात. भर पावसात सांदण दरीत उतरू नका, तो पाण्याचाच रस्ता आहे. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, आग्या मोहोळं असतात. रक्तदाबाच्या गोळ्या खिशात ठेवा, गाडीत नव्हे. आणि वाटाड्या घ्याच. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाजवळ सकाळीच विचारा, मजुरी आधी ठरवा, दुपारचं जेवणही त्याच्याच घरी सांगून ठेवा. चालून आल्यावर गाडीत पोळ्या लाटायला उभं राहण्याचं त्राण उरत नाही.