पाकिटामागचं लेबल: वजनाचा टक्का वेगळा, कॅलरीचा टक्का वेगळा

पाकीट उलटं करा, मागे बारीक अक्षरात न्यूट्रिशनचा तक्ता असतो, त्यातले चारच आकडे लागतात: एनर्जी, प्रोटीन, कार्बोहायड्रेट आणि फॅट. आपल्याकडे हे बहुतेक १०० ग्रॅममागे छापतात, त्यामुळे वजनाचा टक्का आयताच मिळतो. शेवेच्या पाकिटावर फॅट ३५ ग्रॅम लिहिलंय म्हणजे ३५ टक्के. बाहेरच्या देशातलं पाकीट असेल आणि नुसते सर्व्हिंगचे (एका वेळी खायच्या प्रमाणाचे) आकडे दिले असतील तर ग्रॅमला सर्व्हिंगच्या वजनाने भागायचं आणि १०० ने गुणायचं, म्हणजे ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये १०.५ ग्रॅम फॅट असेल तर तेही ३५ टक्केच झालं.

आता कॅलरी. प्रोटीन आणि कार्बला ग्रॅममागे ४, फॅटला ९, एवढं पाठ करा. समजा त्या १०० ग्रॅम शेवेत प्रोटीन १५, कार्ब ४२ आणि फॅट ३५ आहे. प्रोटीनच्या १५ × ४ = ६०, कार्बच्या ४२ × ४ = १६८, फॅटच्या ३५ × ९ = ३१५, बेरीज ५४३. प्रत्येक आकड्याला ५४३ ने भागून १०० ने गुणलं की प्रोटीन ११ टक्के, कार्ब ३१ आणि फॅट तब्बल ५८! वजनात कार्ब सगळ्यात पुढे होतं, कॅलरीत फॅटने बाजी मारली. (वजनाचे टक्के ९२ च भरतात, उरलेलं म्हणजे मीठ, ओलावा वगैरे, त्याला कॅलरी नाहीत.)

पाणी जास्त असलेल्या पदार्थात तर हा फरक अजून वाढतो. फुल क्रीम दुधाच्या पिशवीवर ६ टक्के फॅट लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं किती कमी, पण प्रोटीन साधारण ३.३ आणि कार्ब ५ ग्रॅम धरलं तर एकूण ८७ कॅलरीतल्या ५४ फॅटच्या येतात, म्हणजे ६२ टक्के. दूध वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, फक्त तो ६ चा आकडा वजनाचा आहे हे लक्षात घ्या.

शुगर कार्बमध्येच धरलेली असते आणि सॅच्युरेटेड, ट्रान्स हे फॅटमध्येच, ते परत मिळवू नका. तुमची बेरीज छापलेल्या एनर्जीपेक्षा थोडी मागेपुढे आली तर घाबरू नका, आकडे राउंड केलेले असतात, शिवाय फायबर कार्बमध्ये धरलं असेल तर त्याच्या ग्रॅमला साधारण २ च कॅलरी. एनर्जी किलोज्यूलमध्ये असेल तर ४.१८४ ने भागा. आणि तो आरडीएचा (रोजच्या शिफारस केलेल्या गरजेचा) टक्का पूर्ण वेगळा, तो दिवसाच्या २००० कॅलरीच्या हिशोबाने असतो, यात मिसळायचा नाही.

डाएट प्लॅनमध्ये "प्रोटीन २५ टक्के" असं असतं ना, ते सहसा कॅलरीचे टक्के असतात. पीनट बटरच्या बरणीवर १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन, ५० फॅट, २० कार्ब असेल तर एकूण ६३० कॅलरी, त्यात प्रोटीनच्या १००, म्हणजे जेमतेम १६ टक्के.