एकच गणित, आकड्यांच्या तीन जोड्या

चौथीत कुणाचे पाढे तोंडपाठ, कुणी अजून बोटं मोजतंय. रोज तीन वेगळी गणितं काढायला वेळ कुठला?

१. फळ्यावर एकच गणित लिहा, आकड्यांच्या जागी चौकटी: ‘निपाणीच्या बाजारात ▢ किलो हिरवी मिरची घेतली, दर किलोला ▢ रुपये. किती पैसे झाले?’
२. खाली तीन जोड्या: ५ आणि २०; १२ आणि ४५; अडीच आणि ६८.
३. जोडी मुलांनीच निवडायची. सुटली की पुढची.

गोष्ट एकदाच समजावली की झालं. घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना शेवटी नुसतं ‘एष्टु?’ (किती?) विचारलं तरी चटकन उमगतं.

जोड्यांना ‘सोपी’, ‘अवघड’ म्हणू मात्र नका. आम्ही म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी सोपीला कुणी हात लावेना.