मुलांना विरोधाची वाक्यं लिहायला कशी शिकवावीत?

विरुद्धार्थी शब्द पाचवीतल्या पोराला तोंडपाठ असतात, पण निबंधात ते उतरत नाहीत. शब्दांच्या जोड्या घोकून घेतो आपण. वाक्यांच्या जोड्या कुणी बसवूनच घेत नाही.

आधी एक म्हण घ्या. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’ वर्गाला मोठ्यानं म्हणू द्या आणि दोन्ही भाग वहीत एकाखाली एक लिहायला सांगा. ‘ऐकावे’खाली ‘करावे’, ‘जनाचे’खाली ‘मनाचे’. रचना डोळ्यांना दिसली की व्याख्या सांगायची गरज उरत नाही. ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ हीसुद्धा अशीच मोडून घ्या.

मग पानावर मधोमध रेघ मारून दोन्हीकडं गावातल्या एकमेकींच्या उलट गोष्टी लिहू द्या. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीकडं ऊसतोडीचा विषय निघणारच. समजा, एकीनं लिहिलं: “दिवाळीला बाहेरगावची माणसं गावात येतात आणि नंतर आमचे आईवडील ऊस तोडायला कारखान्याकडं जातात.” माहिती बरोबर, वाक्य मात्र पसरट. इथं घाई नको. दोन्हीकडं सारखं काय, ते तिलाच विचारा: दिवाळी, गाव, माणसं. ते तसंच ठेवायचं. उलटं काय? येणं-जाणं. तेवढंच बदलायचं. “दिवाळीला लोकांची माणसं गावात येतात, दिवाळीनंतर आमची माणसं गावातून जातात.” ‘आणि’ गळाला, कारखानाही गळाला. तो पुढच्या वाक्यात येईल.

नववी-दहावीला अवघड नमुना द्या. 2016 च्या दुष्काळात लातूरला पाणी पुरवणारं धनेगावचं धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. “धनेगावचं धरण कोरडं पडलं, मिरजेची रेल्वे भरून आली.” कोणता शब्द कोणासमोर उभा आहे, ते पोरांनाच शोधू द्या.

खरी अडचण खोट्या विरोधाची. ‘खेड्यात टंचाई, शहरात सुकाळ’ असं मुलं बिनधास्त लिहितात, कारण कानाला गोड लागतं. तेव्हा लातूरचंच उदाहरण पुढं करा: तहानलेलं तर शहरच होतं! दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या तरच वाक्य ठेवायचं, नाहीतर कितीही तालात असलं तरी खोडायचं.

एका परिच्छेदात असं एकच वाक्य पुरे. ओळीनं तीन आली की निबंधाचं 17 सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण होतं. तपासताना लाल पेन बाजूला ठेवा, मुलाला वाक्य मोठ्यानं वाचू द्या; जीभ अडखळली की साचा तिथंच मोडलाय.