साठवण यंत्रणेत रेड गट आणि व्हॉल्यूम कसे आखावेत

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एखादी मराठी संस्था गायकवाडी काळातील मोडी कागदांच्या स्कॅन प्रती आणि सभासदांच्या हिशेबाचा डेटाबेस एकाच साठवण यंत्रणेत ठेवू पाहते आहे, असे धरू. यंत्रणेत ८ टेराबाइटच्या १३ हार्ड डिस्क आणि १.९२ टेराबाइटच्या ५ एसएसडी आहेत. रेड गट म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र बांधलेल्या डिस्क; बांधणीच्या पद्धतीला पातळी म्हणतात (रेड ५, ६, १०). असा गट एकदा डेटाने भरला की त्याची पातळी बदलणे अनेक यंत्रणांत शक्यच नसते, म्हणून कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या नियंत्रकाच्या) पडद्याला हात लावण्यापूर्वी ही वाटणी कागदावर करून घ्यावी.

स्कॅन प्रतींसाठी १२ हार्ड डिस्कचा रेड ६ गट करावा आणि तेरावी हॉट स्पेअर, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची जागा आपोआप घेणारी राखीव डिस्क, म्हणून ठेवावी. दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीत (हरवलेला डेटा पुन्हा काढण्यासाठीच्या जादा माहितीत) जाऊन ८० टेराबाइट उरतात. १०२४ च्या पटीत मोजणाऱ्या सर्व्हरवर हाच आकडा सुमारे ७२.८ दिसतो, तेव्हा जागा कमी मिळाल्याची तक्रार करू नये. एकाच डिस्कइतकी पॅरिटी ठेवणारी रेड ५ घेतल्यास आणखी ८ टेराबाइट हाती लागतात, पण तो मोह टाळावा. बिघडलेल्या डिस्कच्या जागी आलेली ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने पुन्हा भरायची म्हटली तरी २२ तासांहून अधिक वेळ लागतो, रोजचे काम चालू असताना तर त्याहूनही जास्त. आणि रेड ५ मध्ये एवढ्या अवधीत दुसरी डिस्क गेली की संपूर्ण गट हातचा जातो.

डेटाबेसचा स्वभाव निराळा असतो. तो लहान लहान नोंदी विखुरलेल्या जागी लिहितो, आणि रेड ६ वर अशा प्रत्येक नोंदीमागे जुना डेटा व दोन्ही पॅरिटी वाचून तिन्ही नव्याने लिहाव्या लागत असल्याने एकूण सहा क्रिया होतात. रेड १० मध्ये डेटाच्या दोन प्रती दोन डिस्कवर ठेवतात, त्यामुळे हेच काम दोन लेखनांत उरकते. म्हणून चार एसएसडींचा रेड १० गट करावा (जागा ३.८४ टेराबाइट) आणि पाचवी राखीव ठेवावी, कारण हार्ड डिस्कची राखीव डिस्क एसएसडीच्या गटाला सहसा चालत नाही. स्ट्राइपचा (डेटा डिस्कांवर वाटताना केलेल्या तुकड्यांचा) आकार निर्मात्याने सुचवलेलाच ठेवावा.

गट तयार झाल्यावर त्यांवर व्हॉल्यूम (सर्व्हरला एक डिस्क म्हणून दिसणारे जागेचे भाग) काढावेत. डेटाबेसला पूर्ण जागा आधीच राखून द्यावी. स्कॅन प्रतींना थिन व्हॉल्यूम (जागा आधी न राखता लागेल तशी घेणारा) चालतो, मात्र गटाची जागा ७० टक्के भरताच इशारा येईल अशी सोय त्याच वेळी करावी. थिन व्हॉल्यूमखालची जागा अचानक संपली तर सर्व्हरचे लेखन अर्ध्यावर अडकते.

सर्वांत जास्त सावधगिरी व्हॉल्यूम सर्व्हरला जोडताना हवी. तो ज्या सर्व्हरने वापरायचा, नेमक्या त्याच सर्व्हरच्या डब्ल्यूडब्ल्यूएन (फायबर चॅनेल जोडणीतील) किंवा आयक्यूएन (आयस्कझी जोडणीतील) ओळखीशी जोडावा, ‘सर्व सर्व्हर’ हा पर्याय सोयीचा दिसला तरी निवडू नये. क्लस्टरसाठी (एकत्र काम करणाऱ्या अनेक सर्व्हरांसाठी) नसलेली साधी फाइल सिस्टिम दोन सर्व्हरांनी एकाच वेळी लिहायला उघडली की ती बिघडते, आणि असा बिघाड कोणतीही रेड पातळी भरून काढत नाही. यंत्रणेच्या दोन्ही कंट्रोलरकडून येणाऱ्या वाटा सर्व्हरवर मल्टिपाथने (अनेक वाटा एकच मानणाऱ्या सॉफ्टवेअरने) एकत्र कराव्यात, नाहीतर एकच व्हॉल्यूम दोन वेगळ्या डिस्कांसारखा दिसतो.

बॅकअपची वेगळी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि ती जागाही नीट निवडावी: २०१९ व २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहराच्या अनेक भागांत शिरले होते, त्यामुळे शेजारच्या इमारतीचा तळमजला हा काही पर्याय नव्हे.

खरा डेटा चढवण्यापूर्वी, गटाची प्रारंभिक तयारी पूर्ण झाल्यावर, चाचणीच्या फायली लिहीत असतानाच रेड ६ गटातील एक डिस्क बाहेर काढावी. इशाऱ्याचा ईमेल योग्य माणसाला मिळतो का, राखीव डिस्कवर पुनर्बांधणी आपोआप सुरू होते का आणि ती पुरी व्हायला प्रत्यक्षात किती तास लागतात, हे पाहून नोंदवहीत लिहावे. त्यानंतर दोन्ही कंट्रोलरच्या केबल आळीपाळीने, एकीकडची पुन्हा जोडून मगच दुसरीकडची, काढून पाहाव्यात. फायलींचे लेखन न थांबता चालू राहिले, तरच यंत्रणा वापरात आणावी.