यूकेला मास्टर्सला जाताय? इंग्रजी सपोर्ट कोर्सबाबत या चुका टाळा

आयईएलटीएसला 6.5 आले, ऑफर लेटर हातात पडलं, म्हणजे इंग्रजीचा विषय मिटला असं धरून आपल्याकडची बरीच मुलं विमानात बसतात. पहिल्या असाइनमेंटचे मार्क आले की डोळे उघडतात. आयईएलटीएसचा मोठा निबंध असतो किमान 250 शब्दांचा, चाळीस मिनिटांत आणि एकही संदर्भ न देता लिहायचा. विद्यापीठाचा निबंध दोन-तीन हजार शब्दांचा आणि वाक्यागणिक 'हे कशावरून?' विचारणारा.

प्री-सेशनल, म्हणजे मुख्य कोर्सआधीचा इंग्रजीचा कोर्स, करायला लागणार असेल, तर आधी कागद बघा. स्कोअर किती कमी पडतो त्यानुसार हा कोर्स सहा, दहा किंवा त्याहून जास्त आठवड्यांचा असतो, आणि त्यासाठी बऱ्याचदा यूकेच्या व्हिसासाठी मान्य असलेली 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय'च मागतात. परीक्षा तीच असते, पण साधी अ‍ॅकॅडेमिक दिली असेल तर पुन्हा फी भरून बसावं लागतं. तेव्हा स्लॉट बुक करण्याआधी ऑफर लेटरमधल्या अटी नीट वाचा. शिवाय प्री-सेशनल पास व्हावं लागतं. नुसती हजेरी लावून मुख्य कोर्सला प्रवेश मिळत नाही. हजेरीही महत्त्वाची, कारण तुमचा व्हिसा विद्यापीठाच्या स्पॉन्सरशिपवर उभा असतो. पार्ट-टाइम शिफ्टसाठी तास बुडवणं महागात पडतं.

खरं नुकसान होतं ते इन-सेशनल टाळल्यामुळे. मुख्य कोर्सबरोबर चालणारे हे इंग्रजी लेखनाचे तास बऱ्याच विद्यापीठांत फुकट असतात. क्रेडिट नसतात, म्हणून कुणी फिरकत नाही. 'माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधून झालंय, मला काय गरज?' हे तर हमखास ऐकू येतं. अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसतेच. आपण वर्षानुवर्षं व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे आणि निष्कर्ष या साच्यात उत्तरं लिहिलेली असतात. तिकडे तोच साचा वापरला की फीडबॅकमध्ये 'नुसतं वर्णन आहे' असा शेरा येतो आणि आपण ग्रामर सुधारत बसतो.

उदाहरणार्थ, वर्क फ्रॉम होमवरचा परिच्छेद घ्या. पहिला लेखक म्हणतो उत्पादकता वाढते, दुसरा म्हणतो घटते, तिसरा म्हणतो कामावर अवलंबून आहे. तीन वाक्यं, तीन संदर्भ, परिच्छेद संपला. यात तुम्ही कुठे आहात? तोच मजकूर असा लिहून बघा: उत्पादकतेबाबत मतभेद दिसतात, कारण पहिल्या अभ्यासात कॉल सेंटरचे कर्मचारी होते आणि दुसऱ्यात संशोधक, मोजता येणाऱ्या कामाचा निष्कर्ष सगळ्या कामांना लावता येत नाही. इंग्रजी तेवढंच, पण आता त्यात मुद्दा आहे. इन-सेशनलच्या चांगल्या तासाला हेच शिकवतात.

इन-सेशनलच्या ट्यूटरकडे जातानाही घोळ होतात. सबमिशनच्या आदल्या दिवशी अख्खा निबंध पुढे करून 'मॅडम, एवढं ग्रामर चेक करा' म्हणायचं नाही. प्रूफरीडिंग हे त्यांचं काम नसतं, आणि सबमिशनच्या दिवसांत अपॉइंटमेंटही मिळत नाही. दोन-तीन आठवडे आधी जा. बरोबर प्रश्न, मार्किंगचे निकष आणि एक-दोन पानांचा कच्चा मसुदा न्या. विचारायचं ते नेमकं विचारा: 'दुसऱ्या परिच्छेदात माझं मत कळतंय का?'

शब्दांच्या याद्या पाठ करण्यातही वेळ जातो. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट 570 शब्दकुटुंबांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहे. ती वाचताना शब्द ओळखायला कामाची, निबंध सजवायला नाही. मँचेस्टर विद्यापीठाचं अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक, म्हणजे निबंधात लागणाऱ्या वाक्यरचनांचा संग्रह, मोफत आहे, ते जरूर वापरा. मात्र आधी मुद्दा ठरवा, मग वाक्यरचना शोधा.

निबंधातला उचललेला मजकूर शोधणाऱ्या टर्निटिन सॉफ्टवेअरच्या टक्क्यांवरून उगाच झोप उडवून घेऊ नका. तो आकडा फक्त जुळणारा मजकूर दाखवतो, त्यात संदर्भसूचीही मोजली जाऊ शकते. उलट समानार्थी शब्द बदलून उतरवलेला परिच्छेद कमी टक्क्यांतही पकडला जातो. मूळ पान बंद करा, लेखकाचं म्हणणं मनात मराठीत सांगा, मग इंग्रजीत लिहा आणि संदर्भ द्या. एआय टूल वापरायचं असेल तर त्या मॉड्यूलचा नियम आधी वाचा. एकाच विद्यापीठात दोन विषयांचे नियम वेगळे असू शकतात.

आणि पहिल्या निबंधात आपटलाच असाल, तर मार्क बघून फाइल बंद करू नका. शेऱ्यांसकट तोच निबंध घेऊन पुढचा लिहायला बसण्याआधी ट्यूटरकडे जा.